दार उघडलं, म्हणजे प्रभूनेच उघडलं का?

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीच्या वेळी चार वाक्यं हमखास कानावर येतात. मला वचन मिळालं. मनाला शांती मिळाली. प्रभूने दार उघडलं. अमुक सेवकांनी माझ्यावर भविष्यवाणी केली. भुसावळ-जळगावकडच्या अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या) मंडळ्या घ्या, स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नवापूर-नंदुरबारकडच्या मंडळ्या घ्या, नाहीतर कुणाच्या ओट्यावर भरणारी नवी घरसभा घ्या, वाक्यं हीच. कुणी मराठीत म्हणतं, कुणी ‘मले वचन भेटनं’ म्हणतं, एवढाच फरक. या चारही गोष्टींना शास्त्रात, म्हणजे बायबलात, आधार आहे. पण यांच्यामुळेच माणसं फसल्याचे दाखलेही त्याच शास्त्रात आहेत, आणि ते संदेशात फारसे येत नाहीत. माझ्या मते सगळ्यांत जास्त फसवतं ते उघडलेलं दार.

योना संदेष्ट्याला देवाने निनवेला जायला सांगितलं होतं. तो याफोच्या बंदरात उतरला, तर तार्शीशला जाणारं जहाज तयार, आणि भाड्याचे पैसे जवळ. विनासायास सगळं जमून आलं, आणि प्रवास देवापासून पळण्याचा! एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल नेमका दावीद लपला होता तिथेच आला. दावीदाची माणसं म्हणाली, देवाने सांगितलेला दिवस तो हाच. दावीदाने फक्त झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. आता याच्या उलट. त्रोवसला आपल्यासाठी प्रभूमध्ये दार उघडलं होतं, असं पौल स्वतः लिहितो. तरी त्याचा सोबती तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो मासेदोनियाला निघून गेला (२ करिंथ २:१२-१३). इफिसात मात्र दार उघडं होतं, विरोधकही पुष्कळ होते, आणि तो तिथेच थांबला (१ करिंथ १६:८-९). संधी आली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती एक माहिती आहे, बाकीच्या माहितीबरोबर तोलायची.

त्याआधी एक चाळणी लावून घ्यावी, कारण निम्मे प्रश्न तिथेच गळून पडतात. ज्याबद्दल आज्ञा स्पष्ट आहे, त्याबद्दल मार्गदर्शन मागायचं नसतं. काट्यावर नेण्याआधी कापसावर पाणी मारून वजन वाढवावं का, यावर प्रार्थना करायची गरज नाही. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूबद्दल लिहून ठेवलंय. निंदणीच्या बायकांची मजुरी पुढच्या बाजारापर्यंत लांबवावी का? लेवीय १९:१३ म्हणतं, रात्रभरसुद्धा ठेवू नको. भावाच्या सह्या न घेता सातबाऱ्याचं काम उरकावं का? अशा ठिकाणी ‘प्रभूपुढे ठेवलंय’ म्हणणं म्हणजे आज्ञा लांबणीवर टाकणं. दुसऱ्या टोकाचे प्रश्नही चाळणीतून जाऊ द्यावेत. मोटारसायकल काळी घ्यावी की लाल, रोप कोणत्या नर्सरीतून आणावं, यासाठी संकेत शोधत बसू नये. अक्कल देवानेच दिली आहे, ती वापरावी.

उरतात ते खरे प्रश्न: ज्यात दोन्ही वाटा पापाच्या नाहीत, पण परिणाम वर्षानुवर्षं राहतो. लग्न, नोकरी, स्थलांतर, कर्ज, जमीन, मंडळी बदलणं. आपल्याकडचाच एक प्रश्न जवळून बघू.

नवापूर, साक्री, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं ते होळी किंवा त्याही पुढे. पण निर्णय दिवाळीत होतच नाही. तो पावसाळ्यातच होतो, घरात धान्य संपत आलेलं असतं, हाताला काम नसतं आणि मुकादम उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दारात उभा असतो तेव्हा. उचल हातात पडली की हंगाम विकला गेला. आणि नेमकी हीच वेळ ‘प्रभूने गरज भागवली’ असं म्हणायची असते. भागवली असेलही. पण ते तपासायला चार दिवस लागतात, आणि मुकादम चार दिवस देत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की हा प्रश्न मुकादम यायच्या आधी, ज्येष्ठ-आषाढातच, प्रार्थनेत आणि वहीत यायला हवा.

वही म्हणजे शाळेची दोनशे पानी पुरे. एका निर्णयाला समोरासमोरची दोन पानं. वर तारीख, आणि प्रश्न एका वाक्यात. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण प्रश्न नीट विचारलेलाच नसतो. ‘जावं की नाही’ हा एक प्रश्न नाही. त्यात चार आहेत. दोघांनी जायचं की एकाने? उचल घ्यायची की न घेता जायचं? पोरं बरोबर न्यायची की आजीजवळ ठेवायची? आणि गेलोच नाही तर इथे पोट कशावर भरायचं? एकेकाला वेगळी ओळ. देव एकाला होय आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतो, पण आपण चारही एकत्र बांधून विचारलं तर ते ऐकू येणार कसं?

डाव्या पानावर नुसती माहिती लिहायची, मत नाही. उचल किती, टनाला भाव किती, खावटी (हंगामात खाण्यापिण्यासाठी दिलेली रक्कम) हिशेबातून कशी कापतात, गेल्या हंगामात फेड होऊन हातात काय उरलं, पोराची इयत्ता कोणती, म्हाताऱ्याची औषधं कोण आणणार, ऊसतोडीच्या तळाजवळ रविवारची उपासना आहे का. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. हिशेब करणं हा अविश्वास आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते वचन पुन्हा वाचावं. त्याखाली या प्रश्नाला लागू पडणाऱ्या आज्ञा: घरच्यांची तरतूद (१ तीमथ्य ५:८), घेतलेलं परत करणं (स्तोत्र ३७:२१), एकत्र जमणं न सोडणं (इब्री १०:२५). या आज्ञा ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असं सांगत नाहीत. पण एखादा पर्याय त्यांपैकी एखादी आज्ञा सरळ मोडत असेल, तर तो तिथेच बाद.

उजव्या पानावर सगळ्यांत वर, कुणी वाचणार नाही अशा बेताने, स्वतःला काय हवंय ते लिहायचं. ‘मला जायचंय, कारण इथे भावकीचा त्रास आहे.’ ‘मला जायचं नाही, गेल्या वर्षी कंबर गेली.’ ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) मार्गदर्शन शोधताना पहिली पायरी हीच धरत: त्या बाबतीत स्वतःची इच्छा उरणार नाही अशा स्थितीत मन आणणं. दहातली नऊ भाग अडचण इथेच असते, असं त्यांचं म्हणणं होतं. परिस्थितीकडे ते वचनाच्या आणि आत्म्याच्या नंतर बघत. आपण नेमकं उलट करतो: आधी परिस्थिती, मग तिला शोभेल असं वचन. मन रिकामं करता येत नसेल तर निदान इच्छा कागदावर मांडावी. मांडलेली इच्छा देवाचा आवाज म्हणून खपवणं जरा अवघड जातं.

मग सल्ला. तीन माणसं, आणि तीन वेगवेगळ्या जातकुळीची: एक त्या कामातलं, ज्याने चार हंगाम कोयता चालवलाय, एक मंडळीतलं वडीलधारं, ज्याला आपल्या होकारात काही फायदा नाही, आणि एक, ज्याला आपल्या निर्णयाची झळ बसणार आहे. हे तिसरं माणूस बहुतेक वेळा बायको असते, आणि तिलाच शेवटी विचारतात. खरं तर ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, निम्मं काम तिचं! सल्ला पैसे घेण्याआधी विचारायचा. इसार देऊन, उचल घेऊन, साखरपुडा ठरवून पाळकांकडे जाणं हा सल्ला नव्हे, शिक्का मारून घेणं आहे. आणखी एक गडबड म्हणजे मनासारखं उत्तर मिळेपर्यंत माणसं बदलत राहणं. म्हणून तिघांची नावं आधीच वहीत लिहावीत आणि चौथ्याकडे जाऊ नये.

शेवटी मुदत. पंधरा दिवस, फार तर महिना. रोज सकाळी वीस मिनिटं पुरतात: ठरलेला शास्त्रपाठ क्रमाने, मग त्या एका प्रश्नासाठी प्रार्थना, मग पाच मिनिटं गप्प बसून जे सुचलं ते एका ओळीत. क्रमाने वाचण्यावर माझा भर आहे. प्रश्नाचं उत्तर शोधत पानं उलटली की डोळे हवं तेच वचन उचलतात. उपास धरायचा तर धरावा, मात्र निर्णय उपासाच्या दिवशी घेऊ नये. जेवून, एक झोप काढून, दुसऱ्या दिवशी घ्यावा. आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना निर्जळी उपास करूच नये, साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच नाही.

वचन मिळालं, याकडे वळू. ३१ डिसेंबरच्या रात्री डब्यातून कार्ड उचलून वर्षाचं वचन काढायची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे, आणि त्या डब्यात यिर्मया २९:११ असणारच: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे कार्ड हातात आलं की पोलीस भरतीवाला पोरगा समजतो, यंदा निवड पक्की. अध्याय वाचला तर चित्र वेगळं दिसतं. हे पत्र आहे, बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. दहाव्या वचनात मुदत दिली आहे: ७० वर्षं. पाचव्या-सहाव्या वचनात तोवर काय करायचं तेही आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते, आणि तरी संकल्प हिताचेच होते.

त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय तर मार्गदर्शनावरचा सगळ्यांत उपयोगी अध्याय म्हणावा लागेल. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर, परमेश्वराच्या नावाने सांगतो की बाबेलात नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं. पण तो पुढे एक कसोटी सांगतो: शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा, हे ते घडल्यावर कळेल. बाबेलच्या दास्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं जू हनन्या काढून मोडतो, आणि यिर्मया वाद न घालता निघून जातो. वचन त्यानंतर येतं. हनन्या त्याच वर्षी, सातव्या महिन्यात मरतो. यात लक्षात ठेवण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. खोटं मार्गदर्शन बहुधा वेळ कमी करून देतं: सत्तरची दोन वर्षं. आणि खऱ्या संदेष्ट्यालाही त्या क्षणी उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून तो काही न बोलता गेला.

तेव्हा वचन मिळालं की तीन कामं करावीत. पूर्ण अध्याय वाचावा. ते कुणाला, कोणत्या वेळी सांगितलं हे वहीत एका ओळीत लिहावं. आणि घरात जी भाषा बोलतो, मावची, पावरी, अहिराणी, तिच्यात त्याचा अर्थ घरातल्या म्हातारीला सांगून बघावा. तिने कपाळाला आठ्या घातल्या तर आपण काहीतरी ओढूनताणून लावतोय.

शांतीचं थोडक्यात सांगतो. वादळात जहाज फुटायच्या बेतात असताना योना तळाशी गाढ झोपला होता. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. झोप आज्ञा मोडणाऱ्याला लागली होती. निर्णयानंतर मन हलकं होतं ते पुष्कळदा नुसतं सुटकेचं असतं: प्रश्न मिटला, आता विचार करायला नको. सुटका दोनचार दिवसांत ओसरते. म्हणून ठरवल्यावर आठवडाभर कुणाला सांगू नये, आणि त्या आठवड्यात रोज रात्री वहीत मन स्थिर आहे की अस्वस्थ एवढंच लिहावं. मन खचलेलं असताना, म्हणजे घरात मयत झाल्यावर, पीक गेल्यावर किंवा भांडणानंतर, आधी ठरवलेलं बदलू नये. हा नियम कॅथलिक परंपरेत लोयोलाच्या इग्नाशियसपासून सोळाव्या शतकापासून चालत आलाय, आणि आपण प्रोटेस्टंटांनी तो घ्यायला हरकत नाही.

लग्नाच्या बाबतीत खूण मागायची फार हौस असते. ‘रविवारी ती पांढरी साडी नेसून आली तर होकार.’ आधार दिला जातो गिदोनाच्या लोकरीचा. लोकर दंवाने भिजते की नाही, यावरून त्याने खूण मागितली होती. पण गिदोनाला लढायची आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर त्याच्या भीतीसाठी होती, देवाची इच्छा कळण्यासाठी नव्हती. खरी शिकण्याजोगी खूण उत्पत्ती २४ मध्ये आहे. अब्राहामाच्या सेवकाने मागितलं, जी मुलगी मला पाणी देईल आणि आपणहून उंटांनाही पाजीन म्हणेल, ती. उंट दहा होते, आणि तहानलेला एकेक उंट शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. विहिरीवरून घागरीने एवढं पाणी काढायचं, तेही अनोळखी माणसासाठी! ही खूण म्हणजे योगायोग नव्हता, स्वभावाची परीक्षा होती. तरी सेवक पाणी पाजून होईपर्यंत मुकाट्याने बघत राहिला. नंतर घरच्यांना विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द रिबकेला विचारलं: या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणाली, जाते. आपल्याकडे मुलीला विचारण्याचा हा भाग बैठकीत चहाबरोबर उरकतात. मुलगा बघायचा तर तो गड्यांशी कसा बोलतो, उधारी किती, दारू आहे का, विश्वास त्याचा स्वतःचा आहे की बापाचा, हे बघावं. साडीच्या रंगाने यातलं काही कळत नाही.

भविष्यवाणीबद्दल नियम शास्त्रातच आहे: दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा (१ करिंथ १४:२९). ज्या सभेत निर्णय करायला कुणाला वावच नसतो, माईक एकाच हातात असतो, तिथलं वचन घरी आणून आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावं. अगब संदेष्ट्याचा प्रसंग आणखी बारीक आहे. कैसरियात त्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवलं की यरुशलेमेत याला असं बांधतील. भाकीत खरं होतं. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून काढलेला अर्थ, ‘मग जाऊ नको’, हा अगबाने सांगितलेलाच नव्हता, आणि पौल गेला. खऱ्या वचनाचाही लावलेला अर्थ चुकू शकतो, हे इथे दिसतं. आणि वचनाबरोबर अर्पणाचा आकडा आला, किंवा ‘पाळकांना सांगू नका’ असं आलं, तर तिथून उठावं.

हे सगळं एकत्र चालताना बघायचं असेल तर प्रेषितांची कृत्ये १६:६-१० संथपणे वाचावं. पौल आणि त्याच्या सोबत्यांना आशिया प्रांतात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली. मुसियाजवळ येऊन बिथुनियाला जायचा प्रयत्न केला, तिथेही जाऊ दिलं नाही. दोन नकार, आणि कारण एकाचंही नाही. पण ते थांबून राहिले नाहीत. जी वाट बंद नव्हती तिने त्रोवसपर्यंत गेले. दृष्टांत पौलाला एकट्याला झाला, अर्थ मात्र सगळ्यांनी मिळून लावला, आणि लगेच निघाले. दृष्टांतात मासेदोनियाचा पुरुष दिसला होता. मासेदोनियातल्या फिलिप्पैमध्ये पहिली भेटली ती नदीकाठी प्रार्थनेला जमलेली लुदिया, जांभळ्या वस्त्रांची व्यापारी. आणि थोड्याच दिवसांत पाठीवर छड्या व पाय खोड्यात. बरोबर मार्गाने गेल्यावर छड्या बसल्या, म्हणून मार्ग चुकला असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं लिहिलेलं नाही. आपल्याकडे मात्र नव्या बोअरला पाणी लागलं नाही की लगेच ‘प्रभूची इच्छा नव्हती’. कधी भूजलच खोल गेलेलं असतं.

सल्ला देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. दावीदाने मंदिर बांधायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा नाथान संदेष्टा लगेच म्हणाला, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने त्याला उलट सांगितलं, आणि नाथान परत दावीदाकडे गेला (२ शमुवेल ७:३-१७). पाळकांनी, वडिलांनी, घरसभेच्या बाईंनी हे करायची तयारी ठेवावी. ज्या बैठकीत होय म्हटलं त्याच बैठकीत, त्याच माणसांसमोर ‘माझं ऐकण्यात चुकलं’ म्हणावं, फोनवर एकट्याला नव्हे. आणि आपल्या वहीत उजव्या पानाचा शेवटचा पाव भाग यासाठी कोरा सोडावा. ऊसतोडीवरून परत आल्यावर, हिशेब झाल्यावर, तिथे तारीख टाकून तिघांनीही काय सांगितलं होतं आणि काय झालं ते लिहावं. पुढच्या आषाढात कुणाकडे जायचं ते त्यावरून ठरतं.